सर, पेपर टाकला का?

बीड, अंबाजोगाई, गेवराई, आष्टी. कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये जा, हा प्रश्न कानावर येतोच. पेपर म्हणजे शोधनिबंध, आणि टाकायचा म्हणजे आयएसएसएन हा ओळखनंबर असलेल्या नियतकालिकात. ही दुनिया बाहेरून रुक्ष दिसते. आत शिरलं की मांजरं भेटतात, खोटे संपादक भेटतात, पासोडीवर लिहिणारे संतकवी भेटतात आणि आइनस्टाइनचा रागही भेटतो. चला तर.

लिंबागणेशचा जागतिक नंबर

शोधनियतकालिक म्हटलं की लंडन, न्यूयॉर्क, गेला बाजार दिल्ली आठवते. पण बीड तालुक्यातल्या लिंबागणेश या गावातूनही शोधनियतकालिकं निघतात. ‘विद्यावार्ता’ आणि ‘प्रिंटिंग एरिया’ ही दोन्ही बहुभाषिक नियतकालिकं हर्षवर्धन पब्लिकेशनची, आणि त्यांच्यावर पत्ता लिंबागणेशचा. विद्यावार्ताचा आयएसएसएन आहे २३१९-९३१८. आता वही-पेन घ्या, कारण या नंबरात एक गंमत लपली आहे.

पहिले सात आकडे घ्या आणि त्यांना डावीकडून ओळीने ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा. दोन आठे सोळा, तीन साते एकवीस, एक सख सहा, नऊ पाचे पंचेचाळीस, नऊ चोक छत्तीस, तीन त्रिक नऊ, एक दुणे दोन. बेरीज १३५. तिला ११ ने भागलं की बाकी उरते ३. ती ११ मधून वजा करा. उत्तर ८, आणि नंबराचा शेवटचा आकडा बघा: ८!

प्रिंटिंग एरियाचा नंबर २३९४-५३०३. बेरीज १४०, बाकी ८, अकरातून आठ गेले तीन. शेवटचा आकडा तीनच. जगातल्या प्रत्येक आयएसएसएनला हाच नियम लागू आहे. शेवटचा आकडा टाइप करणाऱ्याची चूक पकडण्यासाठी ठेवलेला असतो. बाकी शून्य उरली तर शेवटचा आकडाही शून्य. उत्तर दहा आलं तर एका घरात दोन आकडे मावत नाहीत, म्हणून तिथे रोमन दहा, म्हणजे ‘एक्स’ लिहितात. एखाद्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावरचा नंबर या हिशेबात बसला नाही, तर तो चुकीचा छापलेला आहे किंवा मनाने ठोकून दिलेला आहे. कॅल्क्युलेटरचीसुद्धा गरज नाही.

आणि तो फुकट मिळतो

आयएसएसएनचं मुख्य केंद्र पॅरिसला आहे. भारतातले नंबर नवी दिल्लीची निस्पर ही सरकारी संस्था देते, तेही पैसे न घेता. महत्त्वाची गोष्ट ही, की हा नंबर फक्त ओळख सांगतो. दर्जाबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. दैनिकाला, दिवाळी अंकाला, नातेसंबंधांवरच्या मासिकालाही तो मिळतो. ‘आयएसएसएन आहे, म्हणजे चांगलंच असणार’ ही समजूत मराठवाड्यातल्या कित्येक तरुण प्राध्यापकांना महागात पडली आहे.

पंधरा गुण, दहा गुण

मग अशा नियतकालिकांची गर्दी झाली कशी? २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय नावाची गुणपद्धत आणली. समीक्षित नियतकालिकात शोधनिबंध आला की १५ गुण, समीक्षित नसलेल्या पण आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या मान्यताप्राप्त नियतकालिकात आला की १० गुण. नेमणूक, बढती, सगळं या गुणांना बांधलं गेलं. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या, कायम नोकरीची वाट पाहणाऱ्या माणसासाठी हे दहा गुण म्हणजे घरची चूल होती. त्याला दोष देणं मला पटत नाही. मागणी वर दिल्लीत तयार झाली आणि खाली गल्लोगल्ली दुकानं उघडली.

पुढे आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली, आणि तीत भलतीसलती नावं घुसली. २ मे २०१८ रोजी तब्बल ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात यादीतून बाहेर गेली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी छापली. विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं त्यांनी निकषांवर घासून पाहिली, आणि ८८ टक्क्यांहून अधिक नापास झाली. नापास होण्याची कारणं वाचण्यासारखी होती. कुणाचा पत्ताच धड नव्हता, तर कुणाची संपादकांबद्दलची माहिती खोटी होती.

मग २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पुढाकाराने यूजीसी-केअर यादी आली. ‘केअरला आहे का?’ हा प्रश्न साडेपाच वर्षं महाराष्ट्रभर घुमला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीच बंद केल्याचं जाहीर केलं! आता नियतकालिक कसं निवडायचं याची मार्गदर्शक लक्षणं दिली आहेत, आणि निवड संस्थांनी व शिक्षकांनी करायची आहे. माझ्या मते हे योग्यच झालं, फक्त एका अटीवर: निवड कशी करायची हे तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत कुणीतरी जाऊन समजावून सांगायला हवं.

चार वाक्यांत पकडा

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या आमंत्रणाचा साचा ठरलेला असतो. सर्व विषयांवरचे शोधनिबंध स्वीकारले जातील. ४८ तासांत स्वीकृती. ई-प्रमाणपत्र मोफत. खाली क्यूआर कोड. यातलं दुसरं वाक्य बघितलं तरी पुरे आहे. ज्वारीवरच्या किडीपासून दलित आत्मकथनांपर्यंत आलेला प्रत्येक निबंध त्या त्या विषयाच्या जाणकाराने दोन दिवसांत वाचला, हे शक्यच नाही. चांगल्या समीक्षेला आठवडे लागतात, कधी महिने लागतात. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ लिहिलेला असेल तर तो कुणी दिला हेही बघा. मूळ इम्पॅक्ट फॅक्टर युजीन गारफिल्ड यांच्या कल्पनेतून आला आणि आज क्लॅरिव्हेट ही कंपनी तो दर वर्षी जाहीर करते. त्याच्याशी मिळतीजुळती नावं लावून पैशांवर आकडे देणाऱ्या कंपन्या वेगळ्या.

खोटा पेपर, खरी स्वीकृती

२०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक शोधनिबंध मुद्दाम चुकांनी भरून लिहिला. लेखक काल्पनिक, संस्था काल्पनिक, प्रयोगातल्या चुका विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही दिसाव्यात अशा. तो त्याने ३०४ नियतकालिकांना पाठवला आणि १५७ जणांनी स्वीकारला! आपल्यासाठी बोचरी गोष्ट ही, की भारतातल्या ६४ नियतकालिकांनी होकार दिला आणि फक्त १५ जणांनी नकार. त्या पंधरा संपादकांचा जाहीर सत्कार व्हायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

पोलंडच्या संशोधकांनी याच्याही पुढची मजल मारली. त्यांनी ॲना श्शुस्ट नावाची बाई कागदावर जन्माला घातली आणि ३६० नियतकालिकांकडे तिच्या नावाने संपादकपदासाठी अर्ज केले. शोधनिबंध संपादनाचा तिला काडीचाही अनुभव नव्हता. तरी ४८ ठिकाणी तिची नेमणूक झाली. हा सगळा प्रकार ‘नेचर’ने २०१७ मध्ये छापला.

कृतिदेवातलं बीड

आता एक गोष्ट खास मराठीतली, आणि माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची.

आपल्याकडची बरीच मराठी नियतकालिकं आजही निबंध कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मागतात. डीटीपीवाल्याच्या यंत्रावर तेच चालतं, हाताला तेच वळण असतं. आता कृतिदेवमध्ये ‘बीड’ लिहून बघा. पडद्यावर अक्षरं मराठी दिसतात, पण संगणकाच्या पोटात साठतात तीन इंग्रजी अक्षरं: छोटा सी, छोटा एच आणि मोठा एम. सी म्हणजे ब, एच म्हणजे दीर्घ वेलांटी, एम म्हणजे ड. संगणकाच्या लेखी तिथे ‘बीड’ नाहीच!

परिणाम दोन, आणि दोन्ही वाईट. उद्या कुणी गूगलवर ‘बीड जिल्हा दुष्काळ’ शोधलं, तर असा निबंध इंटरनेटवर असूनही सापडत नाही. आणि वाङ्मयचौर्य पकडणारं सॉफ्टवेअर जुळणी शोधतं तेव्हा युनिकोडमधलं मूळ लिखाण आणि कृतिदेवमधली नक्कल त्याला एकमेकांची कुणीच वाटत नाहीत. चोर सुटतो आणि प्रामाणिक संशोधक अंधारात राहतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० च्या पुढे गेलं तर वर्षभर बंदी आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. नियम कडक आहेत. पण ज्या फॉन्टमधली अक्षरं यंत्राला ओळखूच येत नाहीत तिथे टक्के मोजणार कसे? संपादकांनी एक ओळ बदलली तरी खूप होईल: ‘निबंध युनिकोडमध्येच पाठवावा.’

जाधव एस. एस. नेमके कोण?

जिल्ह्यात एकाच आडनावाचे, एकाच आद्याक्षरांचे किती प्राध्यापक असतील? एकाचं संशोधन दुसऱ्याच्या नावावर सहज चढतं. यावर २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा आकडी ओळखक्रमांक आहे. तो मोफत आहे आणि लेखकाला आयुष्यभर पुरतो. त्याचाही शेवटचा आकडा तपासणीचाच. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधक महिलांना तर याचा फार उपयोग होतो.

न वाचलेलं कसं ओळखावं

१९५९ च्या एका जुन्या शोधनिबंधाची पानं दोन रकान्यांत छापलेली होती. ती स्कॅन करताना डाव्या रकान्यातला ‘व्हेजिटेटिव्ह’ आणि उजव्या रकान्यातलं ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ एकमेकांना चिकटले. त्यातून तयार झालेल्या ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ला शून्य अर्थ आहे. असं तंत्रच अस्तित्वात नाही. तरी अलीकडच्या काळात हे शब्द नव्या शोधनिबंधांत दिसू लागले! एआयच्या यंत्राने जुनं गिळलं, नव्यात ओकलं, आणि लेखक, समीक्षक, संपादक यांपैकी कुणीच थांबून विचारलं नाही की हे काय आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तर एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात यंत्राने काढलेलं उंदराचं चित्र छापून आलं. अवयवांचे आकार अशक्य, आणि शेजारी लिहिलेली नावं कुठल्याही भाषेत नसलेली. जगभर बोभाटा झाला आणि तीन दिवसांत निबंध मागे घ्यावा लागला. शोधनिबंध मागे घेण्याला रिट्रॅक्शन म्हणतात. २०२३ या एका वर्षात जगात अशी दहा हजारांहून अधिक रिट्रॅक्शन झाली, आणि त्यांतली आठ हजारांवर हिंदावी या एकाच प्रकाशन समूहाची होती. म्हणजे प्रश्न फक्त आपल्या गल्लीतला आहे असं मानण्याचं कारण नाही.

लेखक: मांजर

१९७५. अमेरिकेतल्या जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्याने शोधनिबंध लिहिला, पण सगळीकडे ‘आम्ही’ म्हटलं. एकटा लेखक ‘आम्ही’ म्हणाला तर नियतकालिक निबंध परत पाठवेल, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. टाइपरायटरच्या जमान्यात सगळं पुन्हा टंकायचं कुणी? त्यांनी आपल्या चेस्टर नावाच्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलार्ड हे भारदस्त नाव दिलं आणि सहलेखक केलं. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ने निबंध छापला.

२०२४ मध्ये लॅरी नावाच्या दुसऱ्या मांजराने त्याला मागे टाकलं. दोन संशोधकांनी लॅरीच्या नावावर निरर्थक निबंध चढवले, त्यांना संदर्भ देणारे आणखी निरर्थक निबंध तयार केले, आणि गूगल स्कॉलरने लॅरीला शंभराहून अधिक संदर्भांचा धनी ठरवलं. संदर्भांचे आकडे विकत घेता येतात हे दाखवून देण्यासाठीच हा खटाटोप होता.

आइनस्टाइन चिडले

१९३६ मध्ये आइनस्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासह गुरुत्वलहरींवर निबंध लिहून ‘फिजिकल रिव्ह्यू’ला पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो आधी एका तज्ज्ञाला वाचायला दिला. छापण्याआधी परस्पर दुसऱ्याला दाखवलात कसा, म्हणून आइनस्टाइन संतापले आणि त्यांनी निबंध काढून घेतला. गंमत अशी, की तज्ज्ञाचं म्हणणं बरोबर होतं. पुढे दुसरीकडे छापून येताना निबंधाचा निष्कर्ष बदललेला होता. आइनस्टाइनलाही कुणीतरी वाचणारा लागला, तर तुम्हा-आम्हाला का नको?

मुंबईत घडलेली गोष्ट

वैद्यकीय नीतिमत्तेला वाहिलेलं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ मुंबईतून निघतं आणि त्याचा लौकिक चांगला आहे. २०१८ मध्ये त्यात स्वीडनमधल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा लसीशी संबंध सुचवणारा एक लेख आला. लेखकाने स्वतःला स्टॉकहोमच्या प्रसिद्ध कॅरोलिन्स्का संस्थेचा म्हणवलं होतं. संस्थेने कळवलं, असा माणूस आमच्याकडे नाही. नाव आणि पत्ता दोन्ही बनावट निघाले, आणि अखेर लेख मागे घेतला गेला. मला या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं ते असं: संपादकांनी काय घडलं ते उघडपणे लिहून टाकलं. चूक सगळ्यांकडून होते. ती छापील शब्दांत कबूल करणारं नियतकालिक विश्वासाला पात्र असतं.

अंबाजोगाईची पासोडी, पैठणची प्रत

‘कुठे छापून येतं यावर मोल ठरतं’ असं वाटणाऱ्यांनी अंबाजोगाईच्या दासोपंतांकडे बघावं. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या या कवीने ‘पंचीकरण’ हे प्रकरण थेट कापडावर लिहिलं. सुमारे चाळीस फूट लांबीची ती पासोडी अंबाजोगाईने जपून ठेवली. त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागायची असं सांगतात, आणि ‘गीतार्णव’च्या सव्वा लाख ओव्यांची गोष्ट ऐकली की ते खरं वाटतं.

त्यांच्याच काळात गोदावरीकाठी पैठणला एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करता करता पाठ बिघडले होते, लोकांनी पदरच्या ओव्या घुसवल्या होत्या. नाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या, मूळ पाठ निवडला आणि यापुढे कुणी आपली ओवी यात मिसळू नये अशी ताकीदही दिली. पाठ तपासणं, भेसळ काढणं, वाचकाला सावध करणं: आज चांगल्या संपादकाकडून आपण दुसरं काय मागतो?

देवळालीचे मास्तर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठ पाठीशी नव्हतं. कितीतरी शोध त्यांनी स्वखर्चाने पुस्तिका काढून छापले, आणि नामवंत गणिती त्यांच्याकडे दुर्लक्ष करत राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि ६१७४ ही संख्या जगभर पोचली.

विद्यावार्ताच्या नंबराचा पहिला अर्धा भाग घ्या: २३१९. आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. ९३२१ वजा १२३९, उत्तर ८०८२. पुन्हा: ८८२० वजा ०२८८, उत्तर ८५३२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८. आलं ६१७४! सगळे आकडे सारखे नसलेली कुठलीही चार आकडी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येता. शोध खरा असेल तर पुस्तिकेतूनही तो टिकतो. फक्त कुणीतरी ती उघडून वाचावी लागते.

आठ लाख की शून्य?

‘नेचर’मधला निबंध सर्वांना मोफत वाचता यावा असं वाटत असेल, तर २०२१ पासून लेखकासाठी ९,५०० युरो शुल्क ठेवलं गेलं. तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांच्या वर! दुसऱ्या टोकाला परळच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ बघा. लेखकाकडूनही पैसे नाहीत आणि वाचकाकडूनही नाहीत, ही पद्धत त्याने कितीतरी वर्षं चालवून दाखवली. अशा पद्धतीला डायमंड म्हणतात. मराठी संशोधनाला हाच रस्ता परवडणारा आहे, आणि विद्यापीठांनी त्यासाठी पैसा काढला पाहिजे.

बीडवर लिहिलेलं बीडला वाचता यावं

दुष्काळ, ऊसतोड कामगारांचं स्थलांतर, ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. बीडवर देशोदेशीचे अभ्यासक लिहितात. ते निबंध बऱ्याचदा पैशांच्या कुलपाआड असतात, आणि ज्या गावावर लिहिलं त्या गावच्या शिक्षकाला एक निबंध वाचायला काही हजार रुपये मोजावे लागतात. हे मला कधीच न्याय्य वाटलेलं नाही.

यावर एक मोठं पाऊल पडलं आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि ६,३०० वर संस्था. जानेवारी २०२५ पासून ती सुरूही झाली. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी संस्थांसाठीच ती आखलेली आहे. पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांचा आहे, आणि आपल्या जिल्ह्यातली बरीच महाविद्यालयं खासगी शिक्षण संस्थांची आहेत. तेव्हा उद्या सकाळी ग्रंथालयात जाऊन ग्रंथपालांना दोन प्रश्न विचारा: आपलं महाविद्यालय यादीत आहे का? असेल तर लॉगिन कसं मिळतं, आणि नसेल तर अर्ज कुणाकडे करायचा?